आमच्या सोसायटीचं मैलापाणी, रामनदी आणि काचेची एक लिटरची नळी

रामनदीकाठ | ९ फेब्रुवारी, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. बरंच लिहायचंय, सवडीने वाचा.

आम्ही पुण्यात बावधनच्या पुढे राहतो. चार इमारती, १८० फ्लॅट. घर घेतलं तेव्हा माहितीपत्रकात 'स्वतंत्र मैलापाणी शुद्धीकरण केंद्र' असं ठळक छापलं होतं आणि पार्किंगच्या खाली ते खरंच होतं. टाक्या, पंप, टाकीत हवा फुंकणारे निळ्या रंगाचे दोन ब्लोअर, सगळं जागच्या जागी. तीन वर्षं आमच्यापैकी कुणी खाली उतरून बघितलं नाही. वास आला की खिडक्या लावून घ्यायच्या, एवढंच.

गेल्या मे महिन्यात कंपाउंडच्या मागच्या ओढ्यावर गेले होते. एरवी तो तेव्हा ठणठणीत कोरडा असतो. तर काळं पाणी वाहत होतं, आणि ते येत होतं आमच्याच भिंतीखालच्या सहा इंची पाइपातून. चार पावलांवर त्याच पाण्यात एक म्हैस बसली होती. हा ओढा रामनदीला मिळतो. रामनदी खाटपेवाडीच्या डोंगरातून निघते आणि भूगाव, बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडी करत औंधला मुळेला मिळते. सोमेश्वराच्या देवळात मी लग्न झाल्यापासून दर महाशिवरात्रीला जाते. देवळाजवळून वाहणाऱ्या नदीत आमच्या संडासाचं पाणी जातंय, हे कळल्यावर दोन रात्री झोप लागली नाही.

खाली उतरून बघितलं तर ब्लोअरचा पट्टा तुटलेला, हवेच्या टाकीत एक बुडबुडा नाही, पाणी डांबरासारखं. केंद्र बघणारा मुलगा दिवसाला दोन तास यायचा, पंप चालू करून सगळं मैलापाणी बाहेर सोडायचा आणि वहीत आकडे भरून जायचा. बिल्डरच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, वीजबिल वाचतं तुमचंच."

मग मी हिशेब मांडला. फ्लॅटमागे पाच माणसं धरली तर ९०० माणसं. माणशी १३५ लिटर हे सरकारी माप, म्हणजे रोज १,२१,५०० लिटर पाणी. त्यातलं ८० टक्के मैलापाणी होऊन बाहेर पडतं असं धरतात, म्हणजे रोज जवळजवळ एक लाख लिटर. तीन वर्षं रोज लाख लिटर आम्ही नदीत सोडत होतो.

कमिटीत भांडणं झाली, ती लिहीत नाही. पट्टा बदलला. टाकीच्या तळाशी हवा सोडणाऱ्या नळ्या चोंदल्या होत्या, त्या बदलल्या. मग एका चालू केंद्रातून टँकरभर जिवंत गाळ आणून टाकीत ओतला. विरजण लावतात तसंच आहे हे. आधी पांढरा फेस आला, इतका की झाकणातून वर यायला लागला. तीन आठवड्यांनी फेस बसला, चौथ्या आठवड्यात पाणी चॉकलेटी झालं आणि वास गेला. म्हणजे वास आहे, पण पहिल्या पावसानंतर मातीचा येतो तसला.

आता मी रोज सकाळी सातला खाली जाते. काचेच्या एक लिटरच्या मोजनळीत हवेच्या टाकीतलं पाणी घेते आणि अर्धा तास हलवत नाही. पहिली दोन मिनिटं काही दिसत नाही. मग त्या चॉकलेटी पाण्यात कापसासारखे पुंजके धरायला लागतात, एकमेकांना चिकटतात आणि सावकाश खाली बसतात. वर जे उरतं त्यातून पलीकडची भिंत दिसते. आज गाळ ३२० मिलिलिटरच्या खुणेवर बसला.

विचारायचंय ते असं. सकाळी आठ ते दहा अजून घाण वास येतो. गाळ वाढत चाललाय, तो किती काढायचा आणि टाकायचा कुठे? आणि शुद्ध झालेलं पाणी फ्लशला वापरायला निम्मी घरं तयार नाहीत. फ्लशची वेगळी लाइन आहे, पण व्हॉल्व्ह बंद करून ठेवलाय.

---

पिंपरीचा_ऑपरेटर | ९ फेब्रुवारी, रात्री १०:५५

ताई, बावीस वर्षं कारखान्यांची सांडपाणी केंद्रं चालवतोय. गाळ बसताना जी व्यक्ती बघत उभी राहते तिचं केंद्र मरत नाही, हे लिहून घ्या.

सकाळचा वास हवेच्या टाकीचा नसणार. त्याच्या आधीची टाकी, जिथे सगळ्या इमारतींचं पाणी आधी गोळा होतं, तिथे बघा. रात्रभर पाणी तिथे निवांत पडून राहतं, खाली घट्ट बसतं आणि आतल्या आत सडतं. सकाळी आंघोळीचा लोंढा आला की ते ढवळून वर येतं. त्या टाकीतही हवा लागते. बिल्डर लोक तिथली हवेची लाइन हमखास गाळतात, कारण ती नकाशात कुणी बघत नाही.

वीज वाचवायला रात्री ब्लोअर बंद ठेवता का? थोडा वेळ चालेल, सलग सहा-सात तास नको. हे जंतू हवा घेणारे आहेत. हवा तुटली की ते मरायला लागतात आणि बिनहवेचे जंतू जोर धरतात. काळा रंग, सडक्या अंड्याचा वास, ही सगळी त्यांची कामं. जनरेटरवर ब्लोअर आहे का ते आधी तपासा. बहुतेक सोसायट्यांत लिफ्ट असते, ब्लोअर नसतो.

गाळ ३२० ठीक आहे. २५० ते ४०० च्या आत ठेवा. वर जायला लागला तर रोज थोडा थोडा काढा. महिनाभर काढायचा नाही आणि एका दिवशी टाकी रिकामी करायची, असं करू नका, पोट बिघडतं तिचं. फेस पांढरा असला तर जंतू अजून कोवळे आहेत. घट्ट, तपकिरी, साईसारखा फेस आला तर गाळ म्हातारा झालाय, काढायला घ्या.

आणि घरोघरी सांगा: ॲसिड, फिनेल, ब्लीच बादलीने ओतू नका. दिवाळीच्या साफसफाईत मी केंद्रं मरताना बघितलीत. तळणाचं तेलही सिंकमध्ये नको. ते टाकीवर साय धरतं आणि हवा आत शिरू देत नाही.

---

कसब्यातला | १० फेब्रुवारी, सकाळी ८:१०

तुमच्या मेहनतीला मनापासून नमस्कार, पण मला एक प्रश्न छळतो. हे काम नागरिकांनी का करायचं? कर भरतो ना आपण?

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमाराला, कात्रजच्या तलावाचं पाणी दगडी नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणलं. आजही वाड्यांमधले हौद दाखवून आपण अभिमानाने सांगतो. पाणी आणण्याचा अभिमान अडीचशे वर्षं टिकला. वापरलेलं पाणी कुठे जातं, याची तशी आठवण पुण्यात कुणी काढत नाही. जपानच्या कर्जातून ११ केंद्रं बांधायची योजना आली, ९९० कोटींची, ३९६ एमएलडीची, म्हणजे रोज ३९६ दशलक्ष लिटरची. करार २०१६ चा. तोवर मुठा आमच्या डोळ्यांदेखत काळी झाली.

---

रामनदीकाठ | १० फेब्रुवारी, सकाळी ९:०२

दादा, तुमचा राग मलाही येतो. पण २०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत आली आणि २०२१ मध्ये आणखी २३. बावधन, सूस, म्हाळुंगे, नांदेड, किरकटवाडी, सगळा पट्टा त्यात आहे. इमारती आधी उभ्या राहिल्या, ड्रेनेजची लाइन मागून येतेय. ती येईपर्यंत आमचं लाख लिटर रोज निघणारच आहे, ते थांबत नाही. २०,००० चौरस मीटरच्या वर बांधकाम असलं की पर्यावरण परवानगी लागते आणि तिथूनच हे केंद्र आमच्या गळ्यात आलं. आता ते आमचंच आहे, त्याला टाळता येत नाही.

पिंपरीदादा, तुमचं अगदी खरं निघालं. पहिल्या टाकीत हवेची लाइनच नाही. नळीचं तोंड भिंतीतून बाहेर आलंय आणि तिथेच बूच मारलंय!

---

भीमाथडी | १० फेब्रुवारी, दुपारी २:३०

मी दौंड तालुक्यातला. ऊस आहे, थोडी तरकारी आहे. तुमचं पाणी शेवटी कुठे येतं ते मी सांगतो.

मुळा-मुठा आमच्या भागातून वाहत रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि पुढे उजनीत जाते. शिवाय मुंढव्याला नदीतून पाणी उचलून जुन्या उजव्या कालव्यात सोडतात, त्याला आम्ही बेबी कालवा म्हणतो. कल्पना चांगली होती: पुण्याने पाणी शुद्ध करून द्यायचं, आम्ही शेती करायची, धरणातलं पाणी वाचेल. पण केंद्रं जेवढं शुद्ध करतात त्यात तुमच्या ओढ्यांतून आलेलं कच्चं पाणी मिसळतं आणि तेच आमच्या पाटात येतं.

पाट सुटतो तेव्हा आधी वास येतो, मग पाणी. दारं धरायला रात्री पाण्यात उभा राहिलो की सकाळी पिंडऱ्यांना खाज सुटते. माझी आई पूर्वी पाटाच्या पाण्याने भाजी धुवायची, आता विहिरीवर जाते. विहिरीलासुद्धा पाझर त्याच कालव्याचा. कालव्यालगतच्या जमिनीवर पांढरा थर धरलाय.

मी तक्रार म्हणून लिहीत नाही. मैलापाण्यात नत्र, स्फुरद असतं, पिकाला ते हवंच असतं. नीट शुद्ध होऊन आलं तर ते पाणी आम्हाला सोन्यासारखं आहे. उजनीत तेच नत्र साचून जलपर्णी माजते. भिगवणला रोहित पक्षी बघायला पुण्याहून गाड्या भरून येतात, त्यांनी पाण्याचा रंगही बघावा. ताई, तुमचं लाख लिटर थोडं वाटत असेल. ते आमच्या चार-पाच एकरांचं एका दिवसाचं पाणी आहे.

---

रामनदीकाठ | १० फेब्रुवारी, रात्री ८:४५

भाऊ, तुमचा प्रतिसाद कमिटीच्या बैठकीत वाचून दाखवला. कुणी काही बोललं नाही बराच वेळ. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "उद्यापासून माझा व्हॉल्व्ह चालू."

---

शंकेखोर_पालक | ११ फेब्रुवारी, सकाळी ७:४०

आमच्याकडे बाणेरला फ्लशच्या पाण्याला पिवळसर झाक असते. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे (गिलियन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण निघाले तेव्हा पाण्याकडे बोट गेलं होतं, काहींच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला होता. घरात चार वर्षांची मुलगी आहे. व्हॉल्व्ह बंद ठेवणाऱ्या घरांची भीती मला समजते.

---

रसायनवाल्या_बाई | ११ फेब्रुवारी, सकाळी ११:१५

भीती रास्त आहे. महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं, निवृत्तीनंतर आमच्या सोसायटीचं केंद्र मीच बघते, म्हणून सविस्तर लिहिते.

झाक विरघळलेल्या सेंद्रिय रंगाची असते. वाळूच्या गाळणीने ती जात नाही, कोळशाच्या गाळणीने बरीच जाते. पण रंगापेक्षा बीओडी बघा. पाण्यातली घाण कुजवायला जंतूंना किती प्राणवायू लागतो, त्याचं ते माप आहे. कच्च्या मैलापाण्यात तो लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो. प्रदूषण मंडळाच्या आमच्या संमतीपत्रात बाहेर पडताना १० च्या आत हवा असं लिहिलंय. प्रयोगशाळेचा अहवाल दर महिन्याला सूचनाफलकावर लावा, आकड्याला पेनाने गोल करून. आमच्याकडे निम्मी भीती तिथेच गेली.

जंतू मारायला हायपोक्लोराइट असतं. ते शेवटी टाकायचं, पाणी निवळ झाल्यावर. गढूळ पाण्यात क्लोरीन घाणीवरच खर्च होतं आणि जंतू तसेच राहतात. फ्लशच्या टाकीतल्या पाण्यात रोज थोडं क्लोरीन शिल्लक दिसतंय ना, ते साध्या किटने बघता येतं, पाच मिनिटांचं काम आहे.

खरा धोका वेगळाच आहे. एखादा प्लंबर बाथरूम दुरुस्त करताना फ्लशची लाइन चुकून बेसिनला किंवा हातातल्या जेट फवाऱ्याला जोडतो. जेटचं पाणी अंगाला लागतं, तिथे पिण्याच्या टाकीचंच पाणी हवं. फ्लशच्या पाइपांना वेगळा रंग द्या आणि घरात दुरुस्ती निघाली की कमिटीला कळवायची सक्ती करा. दोन्ही टाक्यांना जोडणारा 'इमर्जन्सी' व्हॉल्व्ह कुठे असला तर तो कापून टाका. मी आमच्याकडचा माझ्यासमोर कापून घेतला.

सरकारी मापातल्या १३५ लिटरपैकी ४५ लिटर फ्लशचे धरतात. ताईंच्या ९०० माणसांचे रोज चाळीस हजार लिटर होतात. एप्रिल-मेमध्ये टँकरच्या रांगा आठवा.

---

टाकीवाल्याचा_मुलगा | ११ फेब्रुवारी, रात्री १०:२०

धागा दोन दिवस वाचतोय. एक गोष्ट कुणी लिहिली नाही, म्हणून लिहितो.

माझे वडील सेप्टिक टँक साफ करायचे. मी आठवीत असताना एका सोसायटीच्या टाकीत उतरलेला त्यांचा जोडीदार परत वर आला नाही. वडील दोर धरून उभे होते. दोर ढिला पडला, एवढंच त्यांना कळलं. त्यांना खाली उतरू दिलं नाही म्हणून आज मी इथे लिहितोय.

या टाक्यांत हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येणं थांबतं. माणसाला वाटतं गॅस गेला. तो हवेपेक्षा जड असतो, तळाशी पडून राहतो. एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात. पेपरात 'दोघांचा मृत्यू', 'तिघांचा मृत्यू' असं येतं ते त्यामुळे.

हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं गुन्हा आहे. उतरवणारा म्हणजे फक्त ठेकेदार नाही, काम सांगणारी कमिटीसुद्धा. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. टाकी उपसायला १४४२० या नंबरवर फोन करता येतो, मैला खेचणारी गाडी येते.

ताई, तुम्ही तळाच्या नळ्या बदलल्या असं लिहिलंय. त्या कशा बदलल्या?

---

रामनदीकाठ | ११ फेब्रुवारी, रात्री ११:०५

भाऊ, खरं सांगते. टाकी पंपाने रिकामी केली, दोन दिवस उघडी ठेवली आणि दोन माणसं आत उतरली. मास्क होते, साधे कापडी. गॅस मोजायचं यंत्र नव्हतं. मी वर उभी होते आणि मला यातलं काहीही माहीत नव्हतं. त्या दोघांना काही झालं नाही, पण त्यात माझं शहाणपण काडीचंही नव्हतं.

तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

---

पिंपरीचा_ऑपरेटर | १२ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

ताई, पुढच्या वेळी वर ओढून काढता येणाऱ्या नळ्या बसवा. साखळीने चौकट वर घ्यायची, धुवायची, परत सोडायची. टाकी रिकामी करायची नाही, कुणी उतरायचं नाही. थोड्या महाग पडतात. कमिटी नाही म्हणाली तर वरचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवा.

पहिल्या टाकीवरचं झाकणही जाळीचं करून घ्या, हवा खेळती राहील. आणि त्या खोलीत पोरंटोरं जाणार नाहीत असं कुलूप.

---

कर्दळ | १२ फेब्रुवारी, दुपारी १२:१०

आमची वस्ती छोटी आहे, पौड रस्त्याला १४ बंगले. ब्लोअरचा खर्च झेपला नसता, म्हणून आम्ही झाडांवर भरवसा टाकला. आधी तीन कप्प्यांची सेप्टिक टँक, तिथे जड ते खाली बसतं. पुढे खडीचा वाफा: खाली प्लास्टिकचं अस्तर, वर सुमारे दोन फूट खडी, तीत कर्दळ, वाळा आणि पाणकणीस. पाणी खडीच्या आतून वाहतं, वर दिसत नाही, म्हणून डास होत नाहीत. मुळांभोवती जंतू वाढतात आणि काम तेच करतात. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने याच धर्तीवर फायटोरिड म्हणून पद्धत काढली आहे.

जागा मात्र लागते. आपल्या हवेत माणशी एक ते दोन चौरस मीटर धरा. १८० फ्लॅटांना ते जमणार नाही, आम्हाला जमलं.

पहिल्या वर्षी आमची चूक झाली. खडी न धुता टाकली, आतली बारीक कच तोंडाशी साचली, पाणी वर आलं आणि वाफ्याचा चिखल झाला. सगळी खडी उपसून चाळून परत भरली. आता कर्दळीला इतकी फुलं येतात की दसऱ्याला सगळ्या घरांत जातात. स्वयंपाकघराच्या लाइनवर तेलाचा सापळा आहे, तो दर रविवारी एक घर साफ करतं. पाळी लावलीय. या रविवारी आमची आहे.

वाड्या-वस्त्यांवर नुसतं मोरीचं पाणी असेल तर इतकंही नको. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे करून गटारं आणि डास दोन्ही घालवले, ते बघण्यासारखं आहे.

---

सातासमुद्रापार | १३ फेब्रुवारी, पहाटे ४:३०

मूळचा सदाशिव पेठेतला, सध्या कॅलिफोर्नियात. इथे उत्तरेला आर्काटा म्हणून गाव आहे, वस्ती अठरा-वीस हजार. सत्तरच्या दशकात मोठ्या प्रादेशिक केंद्राला जोडून घ्या असा आग्रह झाला. गावकरी आणि तिथल्या विद्यापीठातले प्राध्यापक नाही म्हणाले. त्यांनी तळी आणि पाणथळ जागा करून त्यातून मैलापाणी फिरवायची पद्धत बसवली, १९८६ पासून ती पूर्णपणे चालू आहे. मी गेलो तेव्हा तिथे लोक दुर्बिणी घेऊन पक्षी बघत होते, एक आजी बाकावर डबा खात होत्या.

आणि आपल्याच देशात कोलकात्याच्या पूर्वेला साडेबारा हजार हेक्टरांवर शहराचं मैलापाणी मासे पोसतं. २००२ पासून ती रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. पुण्यात एवढी जागा नाही हे कळतं. पण पाषाणचा तलाव आठवला की पोटात तुटतं. लहानपणी तिथे बदकं बघायला बाबा सायकलवर न्यायचे.

---

भीमाथडी | १३ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

रामनदीताई, गाळाचं विचारलं होतं तुम्ही, ते राहूनच गेलं. वाळवून दिलात तर मी एक ट्रॉली बघतो. आधी बाईंकडून तपासून घ्या, त्यात कारखान्याचं काही नको. ओला आणि कच्चा गाळ भाजीला घालणार नाही, चांगला कुजवून उसाला घालेन. ट्रॅक्टर कधी पाठवू?

---

रामनदीकाठ | २८ जून, संध्याकाळी ७:१५

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. पहिल्या टाकीत हवेची लाइन घातली, सकाळचा वास तिसऱ्या दिवशी गेला. ब्लोअर जनरेटरवर घेतला. साडेसात अश्वशक्तीचा आहे, अठरा तास चालवतो, रोजचे शंभर युनिट. सौरपॅनेलचा विषय आता सर्वसाधारण सभेत आहे. ओढून काढायच्या नळ्या मंजूर झाल्या. १८० पैकी १४१ घरांचे व्हॉल्व्ह चालू आहेत, यादी लिफ्टपाशी लावलीय.

भीमाथडीभाऊंची ट्रॉली दोनदा येऊन गेली. दुसऱ्या वेळी त्यांनी पोतंभर भुईमुगाच्या शेंगा आणल्या, चारही इमारतींत वाटल्या.

मागच्या भिंतीचा सहा इंची पाइप आम्ही काँक्रीटने बुजवला. टाकीवाल्या भाऊंचे वडील त्या दिवशी आले होते. पिंपरीदादाही आले. ओढ्याच्या काठावर उभं राहून आजोबांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "आता यात फक्त पावसाचंच ना?"

परवाच्या पावसाने ओढ्याला पाणी आलंय, लाल मातीचं. आज सकाळी गाळ २९० वर बसला.